डोलकाठीवरची तार

1898 च्या जुलैमध्ये ब्रिटनचे युवराज एडवर्ड जिन्यावरून घसरले आणि त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली. अशा रुग्णाने पाय सरळ ठेवून आठवडेच्या आठवडे पडून राहायचे, एवढाच तेव्हाचा बहुतेक उपचार होता. युवराजांनी त्यासाठी जागा निवडली ती इंग्लंडच्या दक्षिणेला, आइल ऑफ वाइट बेटाजवळ उभी असलेली ‘ऑस्बोर्न’ ही शाही बोट. आई राणी व्हिक्टोरिया बेटावरच्या वाड्यात राहत होती. अंतर फार नव्हते, पण मध्ये टेकाड असल्याने वाड्यातून बोट दिसत नव्हती. मुलाच्या प्रकृतीची खबर सतत मिळावी म्हणून बोलावणे गेले चोवीस वर्षांच्या एका इटालियन तरुणाला.

गुग्लिएल्मो मार्कोनीने वाड्याजवळ उंच खांब उभारला आणि बोटीच्या डोलकाठीवरून सुमारे 25 मीटरची तार सोडली. सोळा दिवसांत दीडशेच्या आसपास बिनतारी संदेश गेले-आले. त्यांत गुडघ्याची सूज, झोप, हालचाल यांची डॉक्टरांनी दिलेली माहितीही होती. बोट फिरत असतानाही संदेश थांबले नाहीत. समुद्रावरच्या रुग्णाची प्रकृती रेडिओवरून किनाऱ्याला कळवण्याची ही अगदी सुरुवातीची घटना.

मार्कोनीचा जन्म 1874 चा, बोलोन्याचा. वडील जमीनदार, आई आयर्लंडची. विद्यापीठाची पदवी त्याने घेतली नाही. ठिणगीतून विद्युतचुंबकीय लहरी निर्माण करण्याची युक्ती हर्ट्झची होती. त्या ओळखणारी धातूच्या किसाची नळी ब्रान्लीची. मार्कोनीची स्वतःची भर वरवर किरकोळ वाटते. 1895 मध्ये घराच्या आवारात त्याने यंत्राचे एक टोक उंच टांगलेल्या धातूच्या पत्र्याला जोडले आणि दुसरे जमिनीत गाडलेल्या पत्र्याला. तोवर काहीशे मीटरवर विरणारा संदेश टेकडीपलीकडे, दोन किलोमीटरहून दूर पोहोचला. पलीकडे थांबलेल्या भावाने बंदुकीचा बार काढून तो मिळाल्याचे कळवले.

वर तार आणि खाली जमीन हेच एरियलचे मर्म. जमिनीचे काम समुद्रावर तर अधिक चांगले होते, कारण खारे पाणी विजेचे उत्तम वाहक. आज शिडाच्या छोट्या बोटीवर एरियल मोडले, तर हौशी नावाडी तेच तत्त्व वापरतात. कोअ‍ॅक्सियल केबलचे टोक सोलून आतली तार सुमारे 46 सेंटीमीटर उघडी करायची, बाहेरची जाळी उलटवून तेवढ्याच लांबीची केबलवर खाली ओढायची आणि हे सगळे डोलकाठीच्या टोकाला उभे बांधायचे. इथे जाळीच जमिनीची जागा घेते. बोटींच्या व्हीएचएफ रेडिओच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून जितकी उंची तितका पल्ला.

1901 मध्ये वादळाने मार्कोनीचे मोठे मनोरे दोन्ही किनाऱ्यांवर पाडले, तेव्हा त्याने न्यूफाउंडलंडमध्ये पतंगाला तार बांधून इंग्लंडहून आलेले तीन टिंबांचे अक्षर ऐकल्याचे जाहीर केले. त्यावर शंका आजही घेतली जाते. पण त्या वेळचा पाऱ्याचा ग्राहक जगदीशचंद्र बोस यांच्या संशोधनाशी जवळचा होता, आणि बोस यांना त्याचे श्रेय फार उशिरा मिळाले, हे नोंदवलेच पाहिजे. 1909 चे नोबेल मार्कोनी आणि ब्राउन यांना विभागून मिळाले.

1912 मध्ये ‘टायटॅनिक’वरची सातशेहून अधिक माणसे बिनतारी हाकेमुळे वाचली. जवळच असलेल्या ‘कॅलिफोर्नियन’चा ऑपरेटर मात्र झोपायला गेला होता. एरियल कितीही उंच असो, ऐकणारा जागा हवा. त्यानंतर जहाजांवर अहोरात्र ऐकत राहण्याचे नियम आले. त्याच वर्षी मोटार अपघातात मार्कोनीने उजवा डोळा गमावला.

1919 मध्ये त्याने वाफेची एक मोठी बोट घेतली, ‘एलेत्रा’ नाव ठेवले आणि तिचीच प्रयोगशाळा केली. 1923 मध्ये इंग्लंडहून सोडलेल्या लघुलहरी त्याने अटलांटिकमधल्या केप व्हर्दपर्यंत याच बोटीवर पकडल्या. त्यातूनच ‘बीम’ पद्धत आली. 1927 मध्ये भारत-इंग्लंड सेवा सुरू झाली तेव्हा आपल्याकडचे प्रक्षेपण खडकीहून होई आणि ग्रहण दौंडला.

याच काळात तो फॅसिस्ट पक्षात गेला होता, मुसोलिनीच्या राजवटीची पदे त्याने स्वीकारली. हा डाग पुसता येणार नाही.

शेवटच्या वर्षांत छातीत कळ येण्याचे झटके वरचेवर येऊ लागले. हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिन्या कायमच्या मोकळ्या करण्याचे साधन तेव्हा डॉक्टरांच्या हाती नव्हते. तशा अवस्थेत, 1935 मध्ये, गुइदो गुइदा या डॉक्टरने रोममध्ये सुरू केलेल्या केंद्राचे तो पहिला अध्यक्ष झाला. ज्या जहाजावर डॉक्टर नाही, तिथल्या कप्तानाने रेडिओवरून ताप, नाडी, दुखण्याची जागा सांगायची आणि केंद्रातल्या डॉक्टरांनी पेटीतले कोणते औषध द्यायचे ते कळवायचे, तेही विनामूल्य.

20 जुलै 1937 रोजी मार्कोनी रोममध्ये हृदयविकाराने गेला. वय 63. दुसऱ्या दिवशी रेडिओ केंद्रे दोन मिनिटे गप्प राहिली. गुइदांचे केंद्र अजून चालू आहे, आणि भर समुद्रात पोट दुखू लागलेल्या खलाशासाठी आजही तिथे डॉक्टर बसलेले असतात.