फेलिक्स वांकेल : एका सीलच्या मागे गेलेलं आयुष्य

मेकॅनिकलच्या पोरांना वांकेल हे नाव ठाऊक असतं ते आय. सी. इंजिनच्या पेपरातल्या टीपेपुरतं. शेंगेच्या आकाराचं हाउसिंग, आत त्रिकोणी रोटर, बाजूला चार बाण, की झाले मार्क! पण हे इंजिन काढणारा माणूस कसा होता, आणि त्याच्या इंजिनाची गाडी एखाद्या सकाळी सुरूच झाली नाही तर करायचं काय? दोन्ही गोष्टी शेवटी एकाच ठिकाणी येऊन पोचतात : रोटरच्या टोकावरच्या बारीकशा पट्टीपाशी, म्हणजे ॲपेक्स सीलपाशी.

फेलिक्स वांकेलचा जन्म १३ ऑगस्ट १९०२ चा, जर्मनीतल्या लार गावचा. ब्लॅक फॉरेस्टच्या कडेचं हे गाव. वडील वनखात्यात अधिकारी. चंद्रपूर-गडचिरोलीत वनखात्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेली पोरं वर्गावर्गात सापडतात, त्यातलाच एक समजा. १९१४ साली पहिल्या महायुद्धात वडील गेले. पुढे आई मुलाला घेऊन हायडेलबर्गला आली. १९२१ मध्ये फेलिक्सने शेवटची परीक्षा न देताच शाळा सोडली. कॉलेज नाही, डिग्री नाही, कारखान्यातली उमेदवारीही नाही. एका प्रकाशकाकडे पुस्तकं विकायची नोकरी, आणि १९२४ पासून स्वतःचं छोटं वर्कशॉप. नजर इतकी अधू, की आयुष्यात ड्रायव्हिंग लायसन्स काढता आलं नाही!

त्याच्या डोक्यात एकच किडा होता. पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. या थांबण्यात ताकद वाया जाते आणि इंजिन थरथरतं. सगळं गोल फिरलं तर? कल्पना जुनी होती, अडत होतं ते सीलवर. पिस्टनची रिंग गोल सिलेंडरला सगळीकडून सारखी टेकते. फिरत्या रोटरचं टोक मात्र भिंतीला फक्त एका रेषेत टेकतं, तेही सतत बदलत्या कोनात. तिथून वायू निसटला की कॉम्प्रेशन संपलं. वांकेलने वर्षानुवर्षं हाच एक प्रश्न धरून ठेवला. वायूचाच दाब सीलच्या मागे नेऊन सील भिंतीवर दाबून धरायचं, हे त्याच्या कामाचं मुख्य सूत्र.

आता या चरित्रातली वाईट बाजू. ती टाळून पुढे जाता येणार नाही. १९२२ मध्येच तो नाझी पक्षात शिरला. तिथल्या प्रादेशिक पुढाऱ्याशी भांडण झालं, १९३२ मध्ये त्याला पक्षातून काढलं, १९३३ मध्ये तो काही महिने तुरुंगात होता. पण भांडण माणसांशी होतं, विचारांशी नव्हे. १९३६ मध्ये विमान मंत्रालयाच्या पैशावर लिंडाऊला त्याचं वर्कशॉप उभं राहिलं आणि विमानांच्या इंजिनांसाठी रोटरी व्हॉल्व्हचं काम सुरू झालं. १९४० मध्ये तो एस.एस. मध्ये गेला, १९४२ मध्ये तिथूनही काढला गेला. १९४५ ला फ्रेंच सैन्याने त्याला पकडलं आणि वर्कशॉप मोडून टाकलं. हुशारी म्हणजे शहाणपण नव्हे, हे या माणसाकडे पाहून पटतं.

१९५१ मध्ये एन.एस.यू. या मोटरसायकल कंपनीशी करार झाला. १ फेब्रुवारी १९५७ रोजी पहिलं इंजिन फिरलं. त्यात आतला रोटरही फिरायचा आणि बाहेरचं हाउसिंगही. फिरणं अगदी सुरेख, पण प्लग बदलायचा तर अख्खं इंजिन उघडावं लागायचं! कंपनीतल्या हान्स डीटर पाश्के या इंजिनिअरने हाउसिंग जागेवर थांबवलं आणि रोटरला एक्सेंट्रिक शाफ्टवर फिरवलं. वांकेलला हा बदल मुळीच आवडला नाही, आपल्या कल्पनेची वाट लावली असंच त्याला वाटलं. पण जगात चाललं ते पाश्केचंच रूप, कारण त्यात प्लगला पाना लागत होता.

आता येऊ सुरू न होणाऱ्या गाडीकडे. नेहमीची कथा अशी : थंड गाडी अंगणातून गेटपर्यंत हलवली आणि लगेच बंद केली. थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल मिळतं. ते भिंतीवरचा तेलाचा पातळ थर धुऊन काढतं आणि प्लग ओले करतं. सीलला तेलाचा आधार उरला नाही की कॉम्प्रेशन गळतं. मग सेल्फ मारला की इंजिन हलकं-हलकं, भराभर फिरतं, पण पकडत नाही. थोडक्यात, गाडी ओव्हरफ्लो! बजाज स्कूटरचं असं झालं की कॉक बंद करायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळायचा आणि किका मारायच्या. इथेही तत्त्व तेच. फ्युएल पंपाचा फ्यूज काढायचा, प्लग काढायचे, सेल्फ मारून आतलं पेट्रोल बाहेर फेकायचं. प्लगच्या भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडायचं, बॅटरी पूर्ण चार्ज करायची, प्लग कोरडे करून बसवायचे. एका रोटरला प्लग दोन, त्यामुळे वायरींची अदलाबदल होऊ द्यायची नाही.

तरीही नाही झाली, तर कॉम्प्रेशन तपासायचं. रोटरला तीन बाजू, म्हणून प्लगच्या भोकातून तीन सारखे फुसकारे यायला हवेत. साधा गेज सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो आणि फसवतो, म्हणून त्यातला व्हॉल्व्ह काढून काटा नाचताना बघायचा. शेजारशेजारचे दोन फुसकारे मेले असतील तर मधलं एक ॲपेक्स सील गेलं, कारण एक सील दोन कप्प्यांना राखतं. मग मात्र इंजिन उघडायलाच हवं.

याच सीलने एन.एस.यू. बुडवली. १९६७ ची आर.ओ. ८० गाडी १९६८ मध्ये युरोपात वर्षाची सर्वोत्तम कार ठरली. पण सील झिजत गेले, वॉरंटीत इंजिनं बदलून देता-देता कंपनी दमली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. हिरोशिमात माझदाच्या केनिची यामामोतोंच्या टीमलाही हाउसिंगच्या भिंतीवर सीलने पाडलेले ओरखडे दिसले. सीलच्या स्वतःच्या कंपनांमुळे ते पडतात हे त्यांनी शोधलं, सीलचा आकार आणि मटेरियल बदललं, आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आणली. १९९१ मध्ये माझदाने रोटरी इंजिनवर ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली. २०२३ मध्ये एम.एक्स.-३० मध्ये हेच इंजिन जनरेटर बनून परत आलं.

हा दिवस बघायला वांकेल नव्हता. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने १९६९ मध्ये त्याला मानद डॉक्टरेट दिली होती. ९ ऑक्टोबर १९८८ ला हायडेलबर्गमध्ये तो वारला. तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी ती टीप लिहाल, तेव्हा रोटरच्या तीन टोकांवर तीन बारीक रेघा काढायला विसरू नका. गाडी सुरू होते ती त्यांच्या जिवावर.