चूक लपवू नये हे शिकवणारे डॉक्टर : निकोलाय पिरोगोव



वर्गातलं एखादं मूल पडतं, पाय मोडतो आणि काही दिवसांनी ते प्लास्टर घालून शाळेत येतं. मग सगळे मित्र त्या पांढऱ्या प्लास्टरवर आपापली नावं लिहितात. अशा वेळी मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. ती आहे रशियाचे थोर शल्यविशारद निकोलाय इव्हानोविच पिरोगोव यांची.

त्यांचा जन्म 1810 साली मॉस्कोत झाला. घरात भावंडं खूप. वडील सरकारी खात्यात खजिनदार होते. हाताखालचा एक माणूस सरकारी पैसे घेऊन पळाला आणि भरपाई करता करता घर बुडालं. पण निकोलाय हुशार होता. मोठ्या भावाला बरं करणाऱ्या डॉ. मूखिन यांच्यामुळे त्याला वैद्यकीची गोडी लागली. कागदोपत्री वय वाढवून तो चौदाव्या वर्षीच मॉस्को विद्यापीठात दाखल झाला! पुढे डॉर्पाट (आजचं एस्टोनियातलं टार्टू) इथे शिक्षण, मग बर्लिनला अनुभव आणि 1836 मध्ये डॉर्पाटलाच प्राध्यापकपद.

इथे त्यांनी एक धाडस केलं. आपल्या रुग्णालयाचा अहवाल छापताना त्यांनी स्वतःच्या चुकाही छापल्या. कुठे निदान चुकलं, कुठे शस्त्रक्रियेला उशीर झाला, हे सगळं उघडपणे लिहिलं. विचार करा, तरुण प्राध्यापक, नवी नोकरी, आणि असं लिहायचं! पण दुसऱ्या डॉक्टरांनी त्याच चुका करू नयेत, हाच त्यांचा हेतू होता.

1847 साली कॉकेशसमधल्या लढाईत त्यांनी जखमी सैनिकांना ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया केल्या. रणभूमीवर भुलेचा असा वापर तेव्हा अगदी नवा होता.

मग क्रिमियाचं युद्ध पेटलं. 1854 च्या नोव्हेंबरात पिरोगोव वेढा पडलेल्या सेव्हास्तोपोल शहरात पोहोचले. जखमींमध्ये सर्वांत अवघड रुग्ण कोणता, तर ज्याच्या मांडीच्या हाडात गोळी घुसली आहे तो. मांडीचं हाड शरीरातलं सर्वांत मोठं. भोवतीचे स्नायू इतके ताकदवान की ते मोडलेली टोकं एकमेकांवर ओढतात आणि पाय आखूड होतो. त्यात त्या काळच्या नव्या रायफलींची शिशाची गोळी हाडाचे तुकडे तुकडे करायची. सोबत कपड्याच्या चिंध्या आणि माती आत जायची. जखमा जंतूंमुळे चिघळतात हे तेव्हा डॉक्टरांना माहीत नव्हतं. जखमेत पू व्हायचा आणि रक्तात विष पसरायचं. म्हणून डॉक्टर सरळ पाय कापत. पण मांडीवरून पाय कापलेले बहुसंख्य सैनिकही वाचत नसत. म्हणजे कापलं तरी मरण, ठेवलं तरी मरण!

पिरोगोवांनी तिसरा मार्ग धरला. शिल्पकार स्तेपानोव यांच्या कार्यशाळेत त्यांनी प्लास्टरमध्ये भिजवलेलं कापड दगडासारखं घट्ट होताना पाहिलं होतं. त्याच कापडाने त्यांनी मोडलेले हात-पाय बांधले. पू बाहेर पडावा आणि जखम दिसावी म्हणून प्लास्टरला खिडकी ठेवली. त्यामुळे खडबडीत रस्त्यावरून गाडीत नेताना हाडाची टोकं हलत नसत, आणि पूर्वी सर्रास कापले जाणारे कित्येक हात-पाय वाचले. सगळेच वाचले असं नाही, मांडीच्या जखमेत तर नाहीच. नेदरलँड्सचे लष्करी डॉक्टर मॅथिसेन यांनीही त्याच सुमारास प्लास्टरची पट्टी बनवली होती. पण युद्धात तिचा मोठ्या प्रमाणावर उपयोग पिरोगोवांनी केला.

त्यांनी आणखी एक शिस्त लावली. जखमी आले की आधी त्यांची वर्गवारी करायची : ताबडतोब शस्त्रक्रिया कुणाला, थांबू शकतो कोण, किरकोळ जखम कुणाची, आणि ज्यांची आशाच नाही ते कोण. शेवटच्यांची शुश्रूषा परिचारिका करत. युद्धभूमीवर रशियन स्त्रियांची ही सेवा त्यांच्याच देखरेखीखाली उभी राहिली.

आता आपल्या कामाची गोष्ट! युद्धानंतर हा डॉक्टर शिक्षणाकडे वळला. 1856 मध्ये त्यांनी शिक्षणावर एक गाजलेला लेख लिहिला. मुलाला आधी माणूस बनवा, धंदा नंतर शिकवा, असा त्याचा सूर होता. ओडेसा आणि कीव्ह इथे ते शिक्षणविभागाचे प्रमुख झाले. गरिबांसाठी रविवारच्या शाळांना त्यांनी पाठिंबा दिला. छडीला त्यांचा विरोध होता. तरीही 1859 च्या शिक्षेच्या नियमांत त्यांनी ती पूर्ण बंद केली नाही, फक्त मर्यादा घातली. त्यावरून त्यांच्यावर कडक टीका झाली, आणि ती रास्तच होती असं मला वाटतं. मोठी माणसंही कधीकधी अर्ध्या वाटेवर थांबतात, हेही मुलांना सांगायला हवं.

शेवटची वर्षं त्यांनी युक्रेनमधल्या विश्न्या या गावी काढली. तिथे ते गरिबांना मोफत तपासत. 1881 मध्ये त्यांचं निधन झालं.

आज मांडीच्या हाडात धातूची सळई बसवतात, प्रतिजैविकं देतात आणि रुग्ण लवकर चालू लागतो. पण आपली चूक आपणच लिहून ठेवायची ही पिरोगोवांची सवय आपल्या वर्गात किती आहे? फळ्यावर आपलं गणित चुकलं, तर आपण ते गुपचूप पुसतो की मुलांना दाखवतो? उद्या वर्गात एकदा दाखवून बघा. मुलं काय म्हणतात, ते मला नक्की कळवा.