भंगारात जाणारी नक्षी वाचवली. चष्मेवाल्या दिनकर केळकरांची गोष्ट

हरसूल : भंगारवाल्याची गाडी गावात आली की काय काय बाहेर निघतं ते आपण बघतोच. तुटका पाट, पितळी समई, आजोबांच्या वेळची हात मोडलेली नक्षीची खुर्ची. किलोवर वजन होतं, दोन पैसे हातात पडतात आणि विषय संपतो. पुण्यात एक माणूस असा होऊन गेला की ज्यानं नेमकं हेच सामान वाचवण्यात सगळा जन्म घातला. त्यांचं नाव दिनकर गंगाधर केळकर.

केळकरांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. ते ना संस्थानिक होते, ना सावकार. पुण्यात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि त्यावरच घर चालायचं. कवितेचा नाद होता. 'अज्ञातवासी' या टोपणनावानं ते कविता लिहायचे. इतिहासाची ओढ होती, त्यातून १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात झाली.

तो काळ वाडे पडण्याचा होता. पेशवाई जाऊन शंभर वर्षं झाली होती. सरदार-जहागीरदारांची घरं मोडकळीला आली होती. वाडा उतरवला की खांब, तुळया, चौकटी विकायला निघायच्या. सुताराने महिना महिना बसून कोरलेली वेलबुट्टी चुलीत जायची. बैठकीची पद्धतही बदलत होती. पूर्वी गादी-लोड, पाट आणि चौरंग असायचे. इंग्रजांच्या राज्यात खुर्ची आली. ती आपल्याच सुतारांनी शिसवी-सागवानी लाकडात इंग्रजी घाटाने बनवली. मग तीही जुनी झाली आणि अडगळीत गेली.

केळकर अशा घरांच्या मागावर असायचे. देशभर फिरले. लोक राजांच्या तलवारी आणि दागिने जमवतात, पण केळकरांची नजर स्वयंपाकघरात आणि माजघरात जायची. दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या, कुलपं, दौती, फण्या, वाद्यं, कोरीव दरवाजे. रोज हाताळली जाणारी वस्तूसुद्धा माणसानं किती जीव लावून सुंदर केली, हेच त्यांना दाखवायचं होतं. करणाऱ्या कारागिराचं नाव कुठंच लिहिलेलं नसतं. त्याचं काम तेवढं मागं राहतं.

या सगळ्यात घरावर मोठा घाव बसला. त्यांचा मुलगा राजा अवघ्या सातव्या वर्षी आजारपणात गेला. त्या दुःखातून नवरा-बायको दोघांनी संग्रहालाच जवळ केलं. पत्नी कमलाबाईंची साथ शेवटपर्यंत होती. दुकानातून आलेला पैसा वस्तूंत जायचा. एखादा माणूस घर बांधतो, शेत घेतो. यांनी घरच वस्तूंनी भरून टाकलं.

पुढे शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या राहत्या वाड्याचंच संग्रहालय झालं. १९६२ मध्ये ते उभं राहिलं. त्याला स्वतःचं नाव न देता त्यांनी लेकाचं नाव पुढं लावलं, राजा दिनकर केळकर संग्रहालय. सात वर्षांच्या पोराचं नाव आज देशोदेशीचे पाहुणे घेतात ते यामुळे.

बाजीराव पेशव्यांनी मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेषही केळकरांनी आणून इथं पुन्हा उभे केले. त्या दालनात गेलं की लाकडावरचं काम बघून माणूस थांबतोच.

सगळ्यात मोठी गोष्ट पुढं आहे. वीस हजारांच्या आसपास वस्तू जमल्या होत्या. विकल्या असत्या तर पिढ्यान्‌पिढ्या बसून खाता आलं असतं. पण १९७५ मध्ये केळकरांनी सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. १७ एप्रिल १९९० ला ते गेले. जन्मभर जमवलेलं धन आज सगळ्यांचं आहे. तिकीट काढून शेतमजुराचं पोरही ते बघू शकतं.

आता आपल्याकडे वळू. हरसूल, पेठ, सुरगाणा या पट्ट्यातही कारागिरी होतीच. बोहाड्याचे मुखवटे, तारपा, पावरी, लाकडी उखळ, धान्याची कणगी, कुडाच्या भिंतीवरची चित्रं. प्लास्टिकची खुर्ची आणि पत्र्याची कोठी आली तशा यातल्या बऱ्याच वस्तू माळ्यावर गेल्या. त्या करणारे हात म्हातारे झाले. ज्या घरात मुखवटा बनवायचं ज्ञान होतं, तिथल्या पोराला आज ते येतंच असं नाही.

केळकरांसारखा संग्रह उभा करणं सगळ्यांना जमणार नाही. पण एवढं तर जमेल. जुनी वस्तू विकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही कुणी केली, कोणत्या लाकडाची, कशासाठी वापरायचे. मोबाईल हातात आहेच. त्याचा फोटो काढा, आजी-आजोबांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. शाळेत एक कोपरा मिळाला तर चार वस्तू तिथं मांडा, नावागावासकट.

एका चष्मेवाल्यानं पुण्यात केलं ते आपल्या पाड्यावर थोडं तरी होऊ शकतं. भंगारवाला पुन्हा येईल तेव्हा गाडीवर काय चढतंय, ते एकदा नीट बघा.