अश्रूंचे सामर्थ्य ओळखणारे फ्लेमिंग

पेनिसिलिनचे जनक म्हणून सर अलेक्झांडर फ्लेमिंग यांना सारे जग ओळखते. मात्र पेनिसिलिनच्या सुमारे सात वर्षे आधी त्यांनी लावलेला एक शोध मानवी अश्रूंशी निगडित होता. त्या शोधाला तेव्हा फारसे महत्त्व मिळाले नाही. डोळ्यांच्या आरोग्याविषयीच्या आजच्या संशोधनामुळे त्याचे मोल नव्याने ध्यानात येते.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील आयरशायर येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. सात वर्षांचे असतानाच त्यांचे पितृछत्र हरपले. किशोरवयात ते लंडनला थोरल्या बंधूंकडे आले. हे बंधू नेत्रचिकित्सा करीत असत. जहाज कंपनीच्या कचेरीत काही वर्षे कारकुनी केल्यावर काकांच्या वारशातून मिळालेल्या रकमेच्या बळावर फ्लेमिंग यांनी सेंट मेरी रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९०६ मध्ये ते तेथेच आल्मरॉथ राइट यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील बुलोन्य येथे जखमी सैनिकांवर उपचार करताना त्यांना एक विदारक सत्य उमगले. खोल जखमांत ओतलेली जंतुनाशके सांदीकोपऱ्यांतील जीवाणूंपर्यंत पोहोचत नव्हती. उलट, जंतूंशी झुंजणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशीच त्यांनी नष्ट होत होत्या. शरीराच्या अंगभूत संरक्षणाला धक्का न लावता जंतूंना कसे रोखावे, हा प्रश्न पुढे त्यांच्या संशोधनाचा गाभा ठरला.

१९२१ मध्ये सर्दी झालेली असताना त्यांनी स्वतःच्या नाकातील स्राव जीवाणूंच्या बशीत घालून पाहिला. त्या स्रावाभोवतीच्या पिवळसर वसाहती विरघळल्याचे त्यांना दिसले. हाच गुण अश्रूंमध्ये अधिक तीव्रतेने आढळला. जीवाणूंमुळे गढूळ झालेले पाणी अश्रूंच्या थेंबाने पाहता पाहता नितळ होई. प्रयोगांसाठी अश्रू हवे होते. त्यासाठी सहकारी आणि प्रयोगशाळेतील सेवक यांच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीने पाणी आणण्याची युक्ती त्यांनी योजली. १९२२ मध्ये हा शोध रॉयल सोसायटीपुढे मांडला गेला. जीवाणूंचे कवच विरघळवणाऱ्या या विकराचे नाव लायसोझाइम.

दिवसभर धूळ आणि वारा झेलणारा, ओलसर आणि उबदार डोळा सहसा निरोगी का राहतो, याचे एक उत्तर येथे मिळाले. टीका झाली ती वेगळ्याच मुद्द्यावर. लायसोझाइमने मरत होते ते प्रामुख्याने निरुपद्रवी जीवाणू. रोगकारक जीवाणू बहुधा तग धरून राहत. फ्लेमिंग यांनी या उणिवेतच अर्थ शोधला. जे जंतू हा पहारा चुकवू शकतात, तेच रोगकारक ठरतात, असा त्यांचा तर्क होता.

१९२८ मध्ये बशीत उगवलेल्या बुरशीभोवतीचे जीवाणू नष्ट झालेले दिसताच त्यांच्या सरावलेल्या नजरेने त्याचे महत्त्व हेरले. पेनिसिलिनचा उगम तो हाच. १९३० मध्ये शेफिल्ड येथील सेसिल पेन या डॉक्टरांनी, जे फ्लेमिंग यांचे माजी विद्यार्थी होते, बुरशीचा कच्चा अर्क वापरून नवजात बालकांच्या डोळ्यांचा संसर्ग बरा केला. पेनिसिलिनने रोगी बरे झाल्याची ही अगदी आरंभीची नोंद होय. पुढे ऑक्सफर्ड येथे फ्लोरी आणि चेन हे लायसोझाइमचा अभ्यास करता करताच पेनिसिलिनकडे वळले. या तिघांना १९४५ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. तो सन्मान स्वीकारताना अपुऱ्या मात्रेत घेतलेल्या पेनिसिलिनमुळे जंतू निगरगट्ट बनतील, असा इशारा फ्लेमिंग यांनी दिला होता. ११ मार्च १९५५ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

डोळ्याचा पृष्ठभाग पूर्णतः निर्जंतुक नसतो, हे आता स्पष्ट झाले आहे. त्वचा किंवा तोंडाच्या तुलनेत तेथील जीवाणूंची वस्ती अत्यंत विरळ असते. पापण्यांची उघडझाप आणि अश्रूंतील लायसोझाइमसारखे घटक ती मर्यादेत ठेवतात. मात्र हे रहिवासी केवळ उपरे नव्हेत. २०१७ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय नेत्र संस्थेच्या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत डोळ्यांवरील कोरीनेबॅक्टेरियम गटातील एक जीवाणू प्रतिकारशक्तीला सतत जागे ठेवतो, असे आढळले. तो नसलेल्या उंदरांच्या डोळ्यांना घातक बुरशी आणि जीवाणूंचा संसर्ग अधिक सहज होत असे.

डोळे चुरचुरले की औषधांच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविकांचे थेंब आणून घालण्याची सवय सर्वत्र आढळते. विषाणू किंवा अॅलर्जीमुळे लाल झालेल्या डोळ्याला अशा थेंबांचा उपयोग होत नाही. उलट, त्यांनी तेथील निरुपद्रवी जीवाणू मारले जातात आणि चिवट जंतूंना मोकळे रान मिळते. डोळ्यांचे दुखणे वाढल्यास नेत्रतज्ज्ञांकडे जाणे आणि सांगितलेले औषध सांगितलेल्या मात्रेत, सांगितलेल्या मुदतीपर्यंत घेणे हाच योग्य मार्ग होय. जगाला जंतूंचा काळ ठरणारे औषध देणाऱ्या फ्लेमिंग यांचा शरीराच्या स्वतःच्या पहाऱ्यावरही तितकाच विश्वास होता.