ज्या मंडईला जोतिरावांचा विरोध होता, तिलाच त्यांचं नाव कसं मिळालं?

पुण्याची महात्मा फुले मंडई तुम्ही पाहिलीच असेल. गंमत अशी की ही इमारत बांधायलाच जोतिराव फुल्यांचा विरोध होता!

पैशाविना शाळा चालवणं म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 1848 मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा मदार वर्गणीवर होती. पुढे सरकारच्या दक्षिणा फंडातून शाळांना महिना 75 रुपये अनुदान मिळू लागलं.

1876 मध्ये ते पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले. पद सरकारनियुक्त, म्हणजे साहेबाच्या मर्जीवरचं. तरी 1880 मध्ये व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी 1000 रुपये खर्चायचा विषय आला, तेव्हा 32 सदस्यांत विरोधी मत एकच पडलं. जोतिरावांचं. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी पालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. एकीकडे लोकांच्या आरोग्यावर खर्च करायचा आणि दुसरीकडे गुत्त्यांनी घरं बसवायची, हे त्यांना पटत नव्हतं.

मंडईचा प्रस्ताव आला तेव्हाही मुद्दा तोच, आधी शाळा. स्वतः बांधकामाचे कंत्राटदार, तरी बांधकामाला विरोध! पण बहुमतापुढे काही चाललं नाही. 1886 मध्ये गव्हर्नरच्या नावाने रे मार्केट उभं राहिलं. 1890 मध्ये जोतिराव गेले. मंडईला त्यांचं नाव मिळालं ते बऱ्याच वर्षांनी, आचार्य अत्रे पालिकेत असताना.