तुकोबारायांची वही

श्रीतुकोबाराय संत म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. पण ते मूळचे दुकानदार, हे आम्ही वारकरी पुष्कळदा विसरतो. आमच्या लांज्याकडे काजू, आंबा, लाकूड, जांभा चिरा यांचा व्यापार करणारी माळकरी मंडळी आहेत. नफा घ्यावा तर किती, हा प्रश्न त्यांना रोजचाच. त्यांच्यासाठी महाराजांच्या चरित्राचा हा भाग सांगतो.

महाराजांचा जन्म देहूस १६०८ साली झाला, असे सामान्यतः मानतात. वडील बोल्होबा, आई कनकाई. घरी महाजनकी, वाणीपणा नि सावकारी. थोरले बंधू सावजी विरक्त, म्हणून लहान वयातच दुकानाचा भार महाराजांवर पडला. पुढे आईबाप गेले आणि १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. गुरंढोरं मेली, धंद्याचं दिवाळं निघालं. पहिली पत्नी रखुमाई अन्नावाचून गेली; मुलगा संतूही गेला.

इतका नाडलेला सावकार काय करील? कुळांच्या मागं लागून वसुली करील. महाराजांनी उलट केलं. कर्जखतं काढली, निम्मा वाटा धाकटे बंधू कान्होबा यांच्या हाती दिला नि आपला वाटा इंद्रायणीत बुडवला. वाचकहो, इंद्रायणी सर्वांच्या ध्यानात राहते, कान्होबांचा वाटा राहत नाही. आमच्या मते मर्म तिथंच आहे. दया करायची ती आपल्या वाट्यातून. दुसऱ्याचा वाटा दानातही द्यायचा नाही, मग नफ्यात कसा खायचा?

महाराज मिरच्या घेऊन कोकणात विकावयास आले, अशी कथा महिपतीबोवांनी लिहिली आहे. गिऱ्हाइकानं आपल्या हातानं मापून न्यावं, इतका त्यांचा विश्वास. माल गेला, पैसे राहिले. शेवटी देवानंच वसुली करून दिली, असं कथा सांगते. पण अशा व्यवहारानं जिजाबाईंना घर चालवताना फार सोसावं लागलं, हेही खरंच. तेव्हा धंदा बुडवा असं आम्ही म्हणत नाही. घरची चूल पेटली पाहिजे, गड्याची मजुरी वेळेवर गेली पाहिजे. त्याला नफा हवाच.

मात्र त्यात कोणाचा वाटा आला, हे पाहावं. चिरेखाण तशीच उघडी टाकली, रान तोडून पुन्हा रोप लावलं नाही, तर पाणी आटतं ते खालच्या वाडीचं नि सावली जाते ती नातवंडांची. हा कान्होबांचा वाटा. तो आपल्या वहीत जमा धरता येत नाही. खाण बुजवावी, झाडं लावावी, मजुराला पुरतं द्यावं आणि मग उरेल तो नफा उजळ माथ्यानं घ्यावा.

शके १५७१, म्हणजे १६५० साली, फाल्गुन वद्य द्वितीयेस महाराज वैकुंठास गेले. तीच आपली बीज. त्या दिवशी कीर्तनास बसण्यापूर्वी व्यापारी बांधवांनी आपली वही एकवार उघडून पाहावी, एवढीच विनंती.

रामकृष्णहरि.