सर जॉन मोनॅश

पवईच्या आय.आय.टी.त २००८ साली एक संशोधन अकादमी स्थापन झाली. तिच्या नावात आय.आय.टी.च्या जोडीला ‘मोनॅश’ हा शब्द आहे. मेलबर्नच्या ज्या विद्यापीठाशी मिळून ती निघाली त्याचे हे नाव. विद्यापीठाला ते ज्यांच्यावरून मिळाले ते सर जॉन मोनॅश आपल्याच यहुदी धर्माचे होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. १९९६ पासून ऑस्ट्रेलियाच्या शंभर डॉलरच्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींच्या हातून ती नोट केव्हा तरी गेली असेलच. त्या गृहस्थांची ही थोडक्यात हकीकत.

जॉन यांचा जन्म मेलबर्न येथे २७ जून १८६५ रोजी झाला. घराणे प्रशियातील क्रोटोशिन गावचे. आजोबांचा तेथे हिब्रू पुस्तकांचा छापखाना होता. वडील लुई ऑस्ट्रेलियात येऊन व्यापार करू लागले, पण लक्ष्मी त्यांच्यावर कधी फारशी प्रसन्न झाली नाही. मुलगा लहान असताना कुटुंब जेरिल्डरी नावाच्या आडगावी गेले आणि वडिलांनी तेथे दुकान घातले. गावच्या शाळामास्तरांनी हे पोर गणितात विलक्षण आहे हे ओळखले. पुढील शिक्षणासाठी आई बर्था मुलांना घेऊन मेलबर्नला परतली. दुकान एकीकडे आणि संसार दुसरीकडे, असे त्या माउलीने मुलांच्या शिक्षणापायी सोसले. जॉनचा बार मित्स्वा मेलबर्नच्या सिनेगॉगमध्ये झाला. १८८१ साली स्कॉच कॉलेज या नामांकित शाळेत तो अव्वल विद्यार्थ्यांत निघाला.

असा हुशार मुलगा विद्यापीठात गेला आणि पहिल्याच वर्षी नापास झाला! कारण साधे होते. वर्गात बसण्याचा त्याला कंटाळा येई. नाटके पाहावीत, ग्रंथालयात मन मानेल ते वाचावे, वादविवाद करावेत, असा त्याचा दिनक्रम होता. पुढे तो सावरला, पण विद्यार्थ्यांची संघटना उभारण्यात आणि विद्यापीठाच्या पलटणीत कवायत करण्यात पुन्हा वेळ जाऊ लागला. तोच १८८५ साली आई वारली. वडिलांचा धंदाही बसला होता. पदवी अर्धवट टाकून जॉनला नोकरी धरावी लागली.

ती नोकरी मेलबर्नच्या यारा नदीवरील प्रिन्सेस पुलाच्या बांधकामावर होती. मला वाटते, त्यांचे खरे शिक्षण येथे सुरू झाले. पाया कसा घेतात, मजुरांकडून काम कसे करून घेतात, हिशेब कोठे गळतो, हे सारे त्यांनी प्रत्यक्ष कामावर शिकून घेतले. १८८८ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, शहराच्या पूर्वेकडील उपनगरांतून जाणाऱ्या नव्या रेल्वेमार्गाचे संपूर्ण काम त्यांच्यावर सोपवण्यात आले. ओळखीचा उपयोग झाला हे खरे. पण ओळखीने मिळालेले काम निभावायला अंगात काही असावे लागते. दिवसभर रुळांवर उभे राहून रात्री ते पुस्तके उघडत. १८९१ मध्ये इंजिनियरिंगची राहिलेली पदवी मिळाली, १८९३ मध्ये मास्टरची. एवढ्यावर न थांबता त्यांनी कायद्याचा अभ्यास धरला आणि १८९५ साली बी.ए. व एलएल.बी. या पदव्याही पदरात पाडून घेतल्या. नोकरी सांभाळून वकिलीची परीक्षा देणारे कारकून आपल्या मुंबईतही पुष्कळ होऊन गेले. परंतु इंजिनियरला कायद्याचे काय काम, असे कोणीही विचारले असते.

त्याचे उत्तर काळानेच दिले. १८९० नंतर मेलबर्नमध्ये भयंकर मंदी आली. मोनॅश तेव्हा बंदर खात्यात होते. १८९४ साली खात्याने नोकरकपात केली आणि त्यांना घरी बसवले. घरी पत्नी व्हिक्टोरिया आणि वर्षाची मुलगी होती. पतिपत्नींचे पटत नव्हते. त्याच वर्षी ती काही काळ त्यांना सोडूनही गेली होती. अशा वेळी त्यांनी अँडरसन नावाच्या मित्राबरोबर स्वतःची कचेरी काढली. बांधकामे मिळेनात, तेव्हा कायदा धावून आला. कंत्राटदार आणि सरकार यांच्यातले पाण्याचे, रेल्वेचे, यंत्रांचे दावे कोर्टात चालत. वकिलाला यंत्र समजत नसे आणि इंजिनियरला कायदा. मोनॅशना दोन्ही समजे. त्या कामासाठी त्यांना थेट पश्चिम ऑस्ट्रेलियापर्यंत बोलावणी येऊ लागली.

पुढे त्यांनी मोनियर पद्धत हाती घेतली. लोखंडी सळया घालून काँक्रीट ओतायचे, म्हणजे आज आपण आर.सी.सी. म्हणतो त्याचाच हा पूर्वज. ऑस्ट्रेलियात ती विद्या तेव्हा नवी होती. पूल उभे राहू लागले आणि तेवढ्यात १९०१ च्या मे महिन्यात बेंडिगो येथील पूल वजनाच्या चाचणीच्या वेळी कोसळला. एक माणूस ठार झाला. तिरक्या कमानीवर भार नेमका कसा पडतो याचे गणितच तोवर कोणाला पुरते उमगले नव्हते. मोनॅश यांच्या जुन्या प्राध्यापकांनीही आराखडा योग्य ठरवला होता. तरी दोघा भागीदारांनी तो पूल स्वखर्चाने पुन्हा बांधून दिला. आणखी एका पुलाच्या पैशांवरून चाललेला दावाही ते हरले. अँडरसन १९०२ मध्ये न्यूझीलंडला निघून गेले. मोनॅश कर्जासकट मागे राहिले, आणि ते त्यांनी फेडले. १९०५ साली नवी कंपनी निघाली आणि महायुद्धापूर्वी ते श्रीमंत झाले होते.

आता सैन्याकडे वळू. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कितीजण मुंबई सैन्यात सुभेदार, जमादार होते, म्हणून या भागाचे आपल्याला अगत्य अधिक. मोनॅश हे पगारी शिपाई नव्हते. १८८७ पासून तोफखान्याच्या स्वयंसेवक दलात ते हौसेने काम करत आणि नकाशा, तोफा, हेरखाते यांचा कसून अभ्यास करत. १९१२ साली अमेरिकन यादवी युद्धातील एका मोहिमेवर निबंध लिहून त्यांनी सैन्याचे सुवर्णपदक मिळवले. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा ते एकोणपन्नास वर्षांचे होते, अंगाने बरेच सुटलेले होते आणि घराणे प्रशियातून आलेले. त्यांच्या नेमणुकीवर कुजबुज झाली. गॅलिपोलीतही सर्व सुरळीत पार पडले नाही. १९१५ च्या ऑगस्टमध्ये रात्रीच्या चढाईत त्यांची ब्रिगेड वाट चुकली व हल्ला फसला. त्यावरून टीकाकार त्यांना पुढेही बोल लावत राहिले.

पण हा माणूस फसलेल्या कामाचा हिशेब मांडून मगच पुढचे काम हाती घेई. मे १९१८ अखेर फ्रान्समधील संपूर्ण ऑस्ट्रेलियन कोअर त्यांच्या हाताखाली आली. त्यांना हटवण्यासाठी काही वजनदार पत्रकारांनी खटपट चालवली होती. ती सिद्धीस गेली नाही. ४ जुलैच्या हामेलच्या लढाईची तयारी त्यांनी पूल बांधावा तशी केली. शेवटच्या बैठकीच्या टिपणात १३३ मुद्दे होते. प्रत्येकाची शंका ऐकून घ्यायची आणि बैठक उठल्यावर मात्र काडीचाही बदल करायचा नाही, असा नियम होता. रणगाडे, तोफा, पायदळ आणि विमाने एका वेळापत्रकात बांधली होती. दारूगोळासुद्धा विमानातून छत्र्यांनी टाकला. दीड तासात गाव घ्यायचे ठरले होते, त्याला ९३ मिनिटे लागली. त्याच पद्धतीने ८ ऑगस्टला आमियेंची मोठी चढाई झाली आणि १२ ऑगस्टला पंचम जॉर्ज बादशहांनी फ्रान्समध्ये येऊन त्यांना ‘सर’ केले.

युद्ध संपल्यावर सुमारे १,६०,००० सैनिक घरी पाठवायचे होते आणि बोटी अपुऱ्या. रिकामा शिपाई भांडणे उकरून काढतो, हे मोनॅश जाणून होते. बोटीची वाट पाहणाऱ्यांसाठी सैन्याने विलायतेत शिक्षणाची योजना चालवली होती. मोनॅशनी तिला जोराचा पाठिंबा दिला, आणि कोणी हातचे काम तर कोणी पुस्तकी विद्या शिकून मगच परतला.

१९१९ च्या डिसेंबरात ते स्वदेशी पोचले आणि दोनच महिन्यांत व्हिक्टोरियाबाई वारल्या. १९२० पासून त्यांनी व्हिक्टोरिया प्रांताच्या वीजमंडळाची धुरा घेतली. तोवर प्रांताचा कोळसा शेजारच्या न्यू साउथ वेल्समधून येई आणि तेथे संप झाला की इकडचे कारखाने थंडावत. मेलबर्नच्या पूर्वेस यालूर्न येथे तपकिरी कोळसा अमाप होता, पण तो निघाला पिळावे इतका ओला. भट्ट्या नीट पेटेनात. वर्तमानपत्रांतून आणि विधिमंडळातून टीका होऊ लागली. साठीच्या उंबरठ्यावर मोनॅश पुन्हा विद्यार्थी झाले. असला कोळसा सुकवून, दाबून त्याच्या विटा पाडण्याचे तंत्र जर्मनीत मुरलेले होते, आणि जर्मन भाषा त्यांना बालपणापासून येत होती. १९२४ साली यालूर्नची वीज मेलबर्नला पोचली. ज्या विद्यापीठात ते नापास झाले होते त्याचेच ते १९२३ पासून अखेरपर्यंत कुलगुरू होते.

धर्माचरणात ते काटेकोर नव्हते, हे सांगितले पाहिजे; तरी ऑस्ट्रेलियाच्या झायनिस्ट फेडरेशनचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. १९३१ च्या आरंभी नवी दिल्लीच्या उद्घाटनासाठी ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधी म्हणून ते आपल्या देशातही येऊन गेले.

त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला अडीच लाखांवर माणूस लोटला. ब्रायटनच्या कबरस्तानात यहुदी विधीने त्यांना मूठमाती देण्यात आली. कबरीवर हुद्दा नाही, पदवी नाही. नुसते जॉन मोनॅश एवढेच कोरले आहे.